फळी जळते, अडकते आणि मागे उसळते

प्रश्न : मी सेलू (जि. परभणी) येथे राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी सेवानिवृत्त झालो. गावाकडचे आमचे जुने माळवद उतरवले, तेव्हा निघालेले सागवान घरी आणून ठेवले आहे. त्यातून नातवंडांसाठी अभ्यासाची टेबले आणि पुस्तकांची मांडणी करावी, या हौसेने दहा इंची ब्लेडचा टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर फळी सरकवून कापायचे यंत्र) घेतला. पुस्तिका पाहून मी आणि पुतण्याने तो अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जोडला. परंतु फळी उभी चिरताना गाइडकडची (जिला टेकवून फळी सरकवतो त्या सरळ पट्टीकडची) कड काळी पडते, फळी अर्ध्यावर अडकते, आणि परवा तर एक पट्टी मागे उसळून दारावर आदळली. ओळखीचे मिस्त्री म्हणतात की ब्लेडवरचे झाकण आणि मागची पाती काढून टाका, ती नुसती अडचण असते. आमच्याकडे लाईटही वारंवार जाते. यंत्रात दोष आहे का? ते दुकानदाराला परत करावे का? आणि इन्व्हर्टरवर चालवले तर चालेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

पट्टी दारावर आदळली, आपल्यावर नाही, याबद्दल घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली असेलच. आता यंत्राची पिन बोर्डातून काढून ठेवावी आणि खाली सांगितलेली मापे घेऊन होईपर्यंत एकही फळी त्यावर घालू नये. यंत्र परत करण्याची घाई मात्र करू नये. कड जळणे, फळी अडकणे आणि पट्टी उसळणे ही आपल्याला तीन दुखणी वाटत असली, तरी मुळात दुखणे एकच आहे : ब्लेडच्या मागच्या अंगाला लाकडाला निघून जायला जागा पुरत नाही. नव्या यंत्राच्या बाबतीत हे नेहमी घडते. कारखान्यात केलेली जुळवणी ट्रकमधल्या हादऱ्यांनी हलू शकते आणि घरी आपण पाय, पट्ट्या व गाइड जोडून मोकळे होतो. जोडणी झाली म्हणजे जुळवणीही झाली, असा आपला समज होतो.

ब्लेडकडे एकदा बाजूने पाहावे. टेबलाच्या वर ते आपल्या दिशेने फिरते. पुढचे दात वरून खाली येत लाकूड टेबलावर दाबतात आणि कापतात. मागचे दात मात्र टेबलातून वर चढत येतात. या मागच्या दातांचे काम तोवर संपलेले असते आणि त्यांनी लाकडाला शिवायलाही नको. ते शिवले, तर आधी घासून कड काळी करतात, आणि लाकूड त्यांच्यावर आणखी चेपले गेले तर ते उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात. दहा इंची ब्लेडचा परीघ सुमारे 80 सेंटिमीटर असतो. वेग मिनिटाला 4,500 फेरे धरला (नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पाटीवर असेल), तर दाताच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 215 किलोमीटर भरतो. सेलूच्या स्टेशनातून जाणारी कोणतीही गाडी एवढी धावत नाही. त्या वेगापुढे ‘मी वेळेवर हात मागे घेईन’ या भरवशाला काही अर्थ नाही.

जुळवणीची सुरुवात जमिनीपासून करावी. शेडमध्ये शहाबादी फरशी असेल, तर तिच्या दोन तुकड्यांत सूतभर तरी उंचसखलपणा असतोच आणि यंत्राचा एक पाय अधांतरी राहतो. टेबलाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीने दाबावे. डुगडुगले तर पायाखालचा स्क्रू फिरवून किंवा रबराचा तुकडा घालून ते पक्के करावे आणि मग पाणसळ लावावी. पाणसळीचा बुडबुडा केसभर इकडेतिकडे राहिला तरी बिघडत नाही. यंत्र हलता मात्र कामा नये. ब्लेडभोवतीची जी छोटी काढता येणारी पट्टी असते, ती टेबलाच्या अगदी बरोबरीने बसली आहे का, हे पट्टीवरून नख फिरवून पाहावे. ती पुढच्या बाजूला जरा वर राहिली तर फळी तेथेच ठेचकाळते, आणि माणूस नकळत जोर लावतो.

आता मुख्य गोष्ट. टेबलावर ब्लेडच्या बाजूने पुढून मागे जाणारी सरळ खाच असते, जिच्यात मायटर गेजची (आडवे कापताना फळी टेकवून पुढे सरकवायच्या साधनाची) पट्टी सरकते. ही खाच टेबलातच कोरलेली असल्यामुळे ती हलत नाही. म्हणून सगळी मापे या खाचेपासून घ्यायची : आधी ब्लेड खाचेला समांतर करायचे आणि नंतर गाइड खाचेला समांतर करायचे. बरेच जण ब्लेड आणि गाइड एकमेकांशी जुळवत बसतात. मग दोन्ही मिळून तिरके राहिले, तर फळी उभी नीट चिरते, पण मायटर गेजने आडवे कापताना पुन्हा तीच जळण्याची तक्रार सुरू होते आणि माणूस चक्रावतो.

माप असे घ्यावे. पिन काढलेली आहे याची पुन्हा खात्री करून ब्लेड पूर्ण वर आणावे आणि त्याच्या एका दाताजवळ मार्करने खूण करावी. खाचेत घट्ट पण सरकती बसेल अशी सागवानाची पट्टी रंधून घ्यावी, तिच्यावर एक आडवा तुकडा ठोकावा आणि त्या तुकड्याच्या टोकाला पितळी स्क्रू बसवावा. खुणेचा दात पुढे, टेबलाच्या पातळीच्या किंचित वर आणून स्क्रू त्याला जेमतेम टेकेल एवढा बाहेर काढावा. हाताने ब्लेड मागेपुढे हलवले की दात स्क्रूवरून जाताना बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. आता तोच दात फिरवून मागे न्यावा, पट्टीही सरकवून मागे न्यावी, आणि तोच आवाज तेथे येतो का ते ऐकावे. आवाज आलाच नाही, तर मागे फट आहे. स्क्रू दाताला अडला, तर ब्लेडचा मागचा भाग खाचेकडे झुकला आहे. दोन्ही ठिकाणी एकच दात घेण्याचे कारण असे की कोणतेही ब्लेड थोडेसे लहरते. पुढे एक दात आणि मागे दुसरा दात मोजला, तर आपण यंत्राचा तिरकेपणा मोजतो आहोत की ब्लेडचा, हे कळत नाही.

फरक किती चालतो, हा आपला पुढचा प्रश्न असेल. पुढच्या आणि मागच्या मापात 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास तेवढ्याच जाडीचा असतो. म्हणजे मागे स्क्रू आणि दात यांच्या मध्ये एक कागद अडखळत जात असेल तर ठीक. दोन कागद सहज जात असतील तर जुळवणी करावी लागेल. आपल्या ओळखीत वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात काम केलेला एखादा फिटर असेल, तर त्याच्याकडून एक दिवसासाठी डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापक) मागून आणावा. काम सोपे होईल. एवढे लक्षात असू द्यावे की लहान टेबल सॉचे टेबल बहुधा अॅल्युमिनियमचे असते, त्यावर गेजचा चुंबकी पाया चिकटत नाही. गेज त्याच सागवानी पट्टीवर स्क्रूने आवळावा.

ब्लेड तिरके निघाले, तर टेबलाच्या खाली पाहावे. बहुतेक लहान यंत्रांत मोटार आणि ब्लेडचा सांगाडा टेबलाला खालून बोल्टांनी टांगलेला असतो. नेमके कोणते बोल्ट सैल करायचे, हे पुस्तिकेत दिलेले असते. ते सगळे एकदम मोकळे करू नयेत. एक बोल्ट बेताचा घट्ट ठेवावा, म्हणजे सांगाडा त्याच्याभोवती फिरतो, आणि मोगरीने अगदी हलके ठोके देऊन मागची बाजू हवी तिकडे सरकवावी. मग बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि पुन्हा माप घ्यावे. आवळताना सांगाडा हमखास थोडा सरकतो. तीन-चार वेळा हाच उद्योग करावा लागला तर कंटाळू नये. मला स्वतःला एकदा याच कामात अख्खी दुपार लागली होती.

ब्लेड जुळले की गाइड. ते खाचेच्या कडेशी आणून कुलूप लावावे आणि पुढे व मागे बोटाच्या टोकाने कड चाचपावी. बोटाला कागदाएवढा फरकही समजतो. गाइड खाचेला समांतर असावे, आणि चुकायचेच असेल तर त्याचे मागचे टोक ब्लेडपासून कागदभर दूर असावे. ते जवळ असता कामा नये, कारण मग ब्लेड आणि गाइड यांच्यामधली वाट मागे निमुळती होते आणि फळी पाचरीसारखी त्यात रुतते. आपण लिहिले आहे की गाइडकडची कड काळी पडते. माझा पहिला संशय याच निमुळत्या वाटेवर आहे; सुटून पडणाऱ्या तुकड्याची कड जळत असती, तर मी उलट दिशेचा तिरकेपणा शोधायला सांगितले असते. गाइडचे कुलूप चार वेळा उघडून-लावून प्रत्येक वेळी तपासावे. दर वेळी ते वेगळ्या जागी बसत असेल, तर गाइडच सदोष आहे आणि ते दुकानदाराकडून बदलून घेण्यास आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

काटकोनाबद्दल थोडक्यात. गुण्या टेबलावर ठेवून त्याची पट्टी ब्लेडच्या पत्र्याला लावावी, दाताला नाही, कारण दात पत्र्याच्या बाहेर आलेले असतात. खरी परीक्षा लाकडावर होते : मायटर गेजने एक सरळ रीप आडवी कापावी, एका तुकड्याची वरची बाजू खाली करावी आणि दोन्ही कापलेली तोंडे सपाट टेबलावर जोडून उजेडासमोर धरावीत. ब्लेड जेवढे कलले असेल, त्याच्या दुप्पट फट दिसेल.

आता मिस्त्रींच्या सल्ल्याकडे येतो. त्यांच्या हातातील कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण हा सल्ला आपण मुळीच ऐकू नये. ब्लेडच्या मागे उभी असणारी ती पोलादी पाती, म्हणजे रायव्हिंग नाइफ, नेमकी त्या उलट चढणाऱ्या दातांसाठी बसवलेली असते. चिरलेल्या फळीच्या दोन बाजू ब्लेडमागे मिटू लागल्या की त्या पातीवर मिटतात, दातांवर मिटत नाहीत. शिवाय चिरलेला भाग गाइडपासून तिरका होऊन मागच्या दातांवर चढू पाहतो, त्यालाही ती पाती आडवते. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. उदाहरणार्थ, ब्लेडवर 2.8/1.8 असे लिहिले असेल, तर दातांची रुंदी 2.8 मिलिमीटर आणि पत्रा 1.8 मिलिमीटर असा अर्थ, आणि त्याला 2.2 ते 2.4 मिलिमीटरची पाती योग्य. आपण बाजारातून वेगळे, पातळ ब्लेड आणून लावले असेल, तर तेथेही फळी अडकू शकते, कारण मग चिरेपेक्षा पातीच जाड ठरते. ‘मागची पाती अडचण करते’ हा मिस्त्रींचा अनुभव कदाचित यातूनच आला असेल. पाती दातांपासून 3 ते 8 मिलिमीटर अंतरावर आणि ब्लेडच्या अगदी रेषेत असावी. एक सरळ पट्टी ब्लेडच्या दातांना बाजूने टेकवून ती पातीपर्यंत न्यावी; पट्टी आणि पाती यांच्यातली फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी दिसली पाहिजे.

वरचे झाकण खोबण पाडताना काढावे लागते, हे खरे आहे, कारण तेव्हा ब्लेड लाकडाच्या आरपार जात नाही. परंतु रायव्हिंग नाइफचा माथा ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवता येतो, म्हणून त्याही वेळी पाती काढण्याची गरज पडत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका कार्यशाळेत असताना सहकाऱ्याने कशासाठी तरी ती पाती काढून मांडणीवर ठेवली होती. ती मला दिसत होती. ‘एकच तर फळी आहे’ असे म्हणून मी बाभळीची, नीट न वाळलेली फळी यंत्राला लावली आणि उभा राहिलो तो बरोबर ब्लेडच्या रेषेत. निम्मी फळी चिरून झाल्यावर चिरेची दोन तोंडे माझ्या डोळ्यांदेखत जवळ आली. ओल्या बाभळीत ताण किती असतो, हे वखराचे दांडे करणाऱ्या कोणत्याही सुताराला विचारावे. आवाज बदलला, एवढेच आठवते. फळी पोटावर बसली आणि मी भिंतीशी जाऊन बसलो. पंधरा दिवस पोटावर आधी निळा, मग हिरवट, मग पिवळा डाग होता. यंत्राची त्यात काहीही चूक नव्हती.

जुळवणी बरोबर निघाली आणि तरीही कड जळत राहिली, तर ब्लेडचे दात मोजावेत. दुकानदार पुष्कळदा 60 किंवा 80 दातांचे ब्लेड देतात, कारण प्लायवूड त्याने सुबक कापले जाते. सागवानाची जाड फळी उभी चिरण्यासाठी मात्र ते चुकीचे आहे. दात जवळजवळ असल्याने मधल्या खाचांत भुसा मावत नाही, तो तेथेच घासला जातो, तापतो आणि लाकूड जाळतो. उभे चिरण्यासाठी 24 दातांचे ब्लेड घ्यावे, आणि एकच ब्लेड ठेवायचे असेल तर 40 दातांचे. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात : ब्लेडवर छापलेला कमाल वेग आपल्या यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असावा, आणि मधले छिद्र शाफ्टवर चपखल बसावे. मोठ्या छिद्रात कडी घालून ब्लेड बसवले असेल आणि ती कडी ढिली असेल, तर कितीही जुळवणी केली तरी ब्लेड लहरणारच. बसवताना टेबलाच्या वरचे दात आपल्याकडे तोंड करून असावेत. नट सोडताना पाना ब्लेड फिरते त्याच दिशेने वळवावा आणि आवळताना उलट. दातांशी लाकडाचा तुकडा दाबून ब्लेड अडवावे, बोटांनी धरू नये.

आपल्या लाकडाविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माळवदाचे सागवान हा ठेवा आहे आणि तेच आपल्या यंत्राचे सर्वांत मोठे संकटही आहे. छताच्या तुळया आणि फळ्या वर्षानुवर्षे मातीच्या ओझ्याखाली वाकलेल्या असतात. त्यांची एकही कड सरळ नसते. अशी वाकडी कड गाइडला लावून फळी पुढे सरकवली की ती मध्येच डुलते, ब्लेडवर तिरकी होते आणि अडकते. म्हणजे यंत्र अगदी बिनचूक असले तरी परवाचा प्रसंग पुन्हा घडू शकतो. म्हणून प्रत्येक फळीचा एक चेहरा आणि एक कड आधी रंध्याने सरळ करून घ्यावी. सरळ चेहरा टेबलावर, सरळ कड गाइडवर, आणि मगच ब्लेड. रंध्याची सवय नसेल, तर ओळखीच्या मिस्त्रींकडून हे काम करून घ्यावे; त्यांच्या अनुभवाचा खरा उपयोग येथे आहे.

माळवदावरची पांढरी माती लाकडाच्या भेगांत जाऊन बसलेली असते. ती तारेच्या ब्रशने कोरून काढावी, कारण त्या कणांनी कार्बाइडचा दातही बोथट होतो. सागवानात मुळातच वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यात ही भर नको. खिळ्यांचा प्रश्न याहून मोठा. जुन्या घरात लोहाराने घडवलेले खिळे असतात, त्यांची डोकी गंजून तुटलेली असतात आणि अर्धा खिळा आत राहतो. जुन्या स्पीकरचे चुंबक दोऱ्याला बांधून फळीच्या चारही अंगांवरून बोटभर उंचीने फिरवावे. जेथे ते ओढ घेईल, तेथे खडूने खूण करावी. खिळ्याभोवती सागवान निळसर काळे पडते, तो डागही शोधावा. खिळा निघत नसेल तर तो भाग हाताच्या करवतीने कापून टाकावा. चार बोटे लाकूड वाया जाते म्हणून जीव हळहळतो, याची मला कल्पना आहे.

चालवताना अंगी बाणवायच्या सवयी फार नाहीत, पण त्यांत सवलत घेऊ नये. ब्लेड लाकडाच्या वर साधारण 3 ते 6 मिलिमीटर दिसेल एवढेच ठेवावे. गाइड उजवीकडे असताना आपण ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे उभे राहावे. परवा आपण वाचलात ते बहुधा याचमुळे. ब्लेड आणि गाइड यांच्यामधला तुकडा शेवटपर्यंत, ब्लेडच्या पार पुढे ढकलून न्यावा, मध्येच सोडू नये. हात ब्लेडपासून वीतभर अंतराच्या आत येणार असेल, तर तेथून पुढे ढकलायची काठी वापरावी, आणि ती यंत्राजवळ खिळ्याला टांगलेली असावी, शोधावी लागू नये. उभे चिरताना गाइड आणि आडवे कापताना मायटर गेज. आडव्या कापात दोन्हींचा एकदम आधार घेऊ नये, कारण सुटलेला तुकडा ब्लेड आणि गाइड यांच्यात सापडतो. कशाचाही आधार न घेता नुसत्या हाताने तर काहीच कापू नये. पुतण्या समोर उभा राहून मदत करणार असेल, तर त्याने फळी फक्त खालून तोलून धरावी, ओढू नये. आठ बाय चार फुटांची 18 मिलिमीटर प्लायवूडची शीट 30 किलोच्या पुढे भरते. ती अखंड या लहान यंत्रावर चढवण्याऐवजी दुकानातूनच दोन-तीन तुकडे करून आणावी.

हातमोजे घालू नयेत. दाताने मोज्याचा धागा धरला तर बोटाबरोबर हातही आत जातो. उन्हाळ्यात गळ्यात गमछा ठेवायची आपल्याकडे सवय असते, तो खुंटीला लावावा. तुळशीची माळ असेल तर ती सदऱ्याच्या आत घालून वरची गुंडी लावावी, अंगठी काढावी, बाह्या कोपराच्या वर दुमडाव्यात. डोळ्यांना बंद गॉगल आणि कानांना बोळे किंवा मफ लावावेत. लाकडाचा बारीक भुसा हा कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत जागतिक पातळीवर गणला गेला आहे, म्हणून तोंडाला रुमाल पुरेसा मानू नये; एन-95 मुखपट्टी वापरावी.

राहिला विजेचा प्रश्न. यंत्र 1,800 वॅटचे धरले, तर 230 व्होल्टवर ते सुमारे 8 अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. घरगुती इन्व्हर्टरचे हे काम नाही. त्यावर यंत्र लावू नये. इन्व्हर्टरचा एक उपयोग मात्र जरूर करावा : शेडमधला एक दिवा त्यावर घ्यावा. लाईट गेली तरी ब्लेड लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरतच राहते, आणि तेवढा वेळ आपले हात अंधारात त्याच्याजवळ असता कामा नयेत. यंत्रासाठी 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, खात्रीचे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), एवढे वायरमनकडून करून घ्यावे. शेड पत्र्याचे आहे आणि पावसाळ्यात जमीन ओली असते. शेतीपंप चालू झाल्यावर व्होल्टेज खाली येत असेल आणि यंत्राचा आवाज जड वाटत असेल, तर त्या वेळी काम करू नये. वेग मंदावलेले ब्लेड लाकडात अडकते.

लाईट जाण्यापेक्षा ती परत येणे अधिक धोक्याचे आहे. स्विच चालूच राहिला आणि आपण फळी काढायला वाकलेले असताना लाईट आली, तर यंत्र आपोआप सुरू होईल. आपल्या यंत्रात हे टाळणारा स्विच आहे का, हे असे पाहावे : टेबल पूर्ण मोकळे करून, बाजूला उभे राहून यंत्र सुरू करावे, भिंतीवरचा सॉकेट बंद करावा, ब्लेड थांबू द्यावे आणि सॉकेट पुन्हा चालू करावा. यंत्र गप्प राहिले तर उत्तम. ते फिरू लागले तर नो-व्होल्ट रिलीज स्विच बसवून घ्यावा, आणि तोवर लाईट जाताच आधी स्विच बंद, मग पिन बाहेर, ब्लेड थांबल्यावर मग फळी मागे, हा क्रम सोडू नये. लाईट आल्यावर फळी दातांना टेकलेली असताना यंत्र सुरू करू नये. काम संपल्यावर पिन, आणि स्विचला काढता येणारी चावी असेल तर तीही, नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

पहिला काप सरळ कडेच्या, गाठ नसलेल्या, हातभर लांबीच्या पातळ फळीवर घ्यावा. तरीही कड जळली, तर मला पुन्हा लिहावे आणि पत्रात चार गोष्टी कळवाव्यात : खुणेच्या दाताचे पुढचे आणि मागचे माप, गाइडचे पुढचे आणि मागचे माप, ब्लेडवर छापलेले आकडे व दातांची संख्या, आणि रायव्हिंग नाइफवर कोरलेली जाडी. एवढ्यावरून दुकानदाराशी भांडायचे की पुन्हा मोगरी हातात घ्यायची, हे मला निश्चित सांगता येईल.